प्राणवायू उणा पडतो, पण धाप का लागत नाही?

ज्येष्ठ मंडळी असलेल्या बहुतेक घरांत रक्तदाब मोजण्याच्या यंत्राशेजारी आता आणखी एक लहानसे उपकरण दिसते. ते बोटाला चिमट्यासारखे लावायचे आणि काही क्षणांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण वाचायचे. महाराष्ट्रात या उपकरणाची घरोघर ओळख झाली ती कोविडच्या काळात. १५ सप्टेंबर २०२० रोजी राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली आणि आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वसाहतींपासून पैठण-कन्नडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत आशाताई व आरोग्यसेवक तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरले.

त्या दिवसांत डॉक्टरांना एका गोष्टीने चक्रावून टाकले होते. रुग्ण खाटेवर बसून बोलत आहे, चहा मागत आहे, 'मला काही त्रास नाही' असे सांगत आहे, आणि यंत्रावरचा आकडा मात्र ऐंशीच्या घरात. एवढा प्राणवायू कमी झाल्यावर माणूस कासावीस व्हायला हवा होता. तसे होत नव्हते, म्हणून अनेक कुटुंबे निर्धास्त राहिली आणि रुग्णालयात पोहोचायला उशीर झाला.

कोविडची ती लाट ओसरली, पण तो प्रश्न ओसरलेला नाही. न्यूमोनिया, हृदयाची दुर्बलता, दमा, जुना खोकला, झोपेतील घोरणे, यात्रेतील उंच चढण अशा अनेक निमित्तांनी वृद्धांच्या शरीरात प्राणवायू उणा पडतो आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नसतो. असे का होते, याचे उत्तर फुप्फुसांत कमी आणि मज्जासंस्थेत अधिक आहे. ते उत्तर शास्त्रज्ञांना गेल्या दीडशे वर्षांत प्रयोगशाळेतील प्राण्यांनी दिले. चिमण्या, कुत्रे, ससे, उंदीर आणि हंस यांनी आपल्याला काय शिकवले, आणि घरातील वडीलधाऱ्यांची काळजी घेताना त्याचा उपयोग काय, हे या अंकात पाहू.

उपाशी मेंदूची साक्ष

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू खर्च करतो. शिवाय या खर्चिक अवयवाजवळ शिल्लक काहीच नसते. स्नायू काही काळ प्राणवायूशिवाय रेटू शकतात. मेंदू रोजंदारीवर जगतो. त्याचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची हानी सुरू होते.

पुरवठा एकदम न थांबता हळूहळू घटला तर काय होते? फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ पॉल बेअर यांनी एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाचा पाठपुरावा केला. हवेचा दाब कमी-जास्त करता येईल अशा बंद कोठीत त्यांनी चिमण्या आणि इतर प्राणी ठेवले, पुढे ते स्वतःही त्या कोठीत बसले. उंचावर जीव जातो तो हवेचा दाब कमी झाल्यामुळे नव्हे, तर त्या विरळ हवेतून रक्ताला पुरेसा प्राणवायू मिळत नाही म्हणून, हे त्यांनी सिद्ध केले. कोठीतला दाब तेवढाच कमी ठेवून प्राणवायू वाढवला की मलूल झालेला पक्षी पुन्हा सावरत असे. १८७८ साली त्यांनी हे सारे ग्रंथरूपाने मांडले.

त्याआधी, १५ एप्रिल १८७५ रोजी, या संशोधनाची एक दारुण परीक्षा झाली. 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे जण आकाशात आठ हजार मीटरहून अधिक उंचीवर गेले. त्यांच्याजवळ प्राणवायूच्या पिशव्या होत्या, नळ्या तोंडाशी लोंबत होत्या. तरीही क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे मरण पावले. बचावलेल्या गास्तों तिसांदिए यांनी नंतर जे लिहिले, ते प्रत्येक काळजीवाहकाने ध्यानात ठेवावे असे आहे. त्या उंचीवर त्यांना वेदना झाल्या नाहीत, भीतीही वाटली नाही. उलट आतून एक प्रकारचा आनंद दाटून आला. प्राणवायूची नळी घ्यावी असे मनात आले, पण हात उचलेना.

यातले मर्म असे की, प्राणवायू कमी पडला की सर्वांत आधी मंदावतो तो मेंदूचा तोच भाग, ज्याच्या बळावर आपण धोका ओळखतो. ज्याचा मेंदू उपाशी आहे त्याने 'मी ठीक आहे' असे सांगितले, तर ती साक्ष तो खोटे बोलतो म्हणून नव्हे, पण साक्षीदारच शुद्धीवर नाही म्हणून ग्राह्य धरता येत नाही.

मानेतील पहारेकरी

मग शरीराने या धोक्यासाठी काहीच व्यवस्था केलेली नाही का? केलेली आहे. जबड्याच्या कोपऱ्याखाली बोट ठेवले की जिथे नाडी लागते, तिथे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीचे दोन फाटे होतात. या फाट्यावर, दोन्ही बाजूंना, तांदळाच्या दाण्याएवढा एक पिंड असतो. त्याला कॅरोटिड बॉडी म्हणतात. एवढ्याशा पिंडातून त्याच्या आकाराच्या मानाने प्रचंड रक्त वाहते, आणि ते रक्त तो अहोरात्र 'चाखत' असतो.

स्पेनमधील फर्नांदो दे कास्त्रो यांनी १९२६ ते १९२८ या काळात सूक्ष्मदर्शकाखाली या पिंडाची बारीक रचना पाहिली आणि हा रक्ताची चव घेणारा अवयव असावा, असे अनुमान मांडले. बेल्जियममधील गेंट येथे कॉर्नेय हेमन्स यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून त्याला पुरावा दिला. त्यांनी एका कुत्र्याच्या मानेतील या फाट्याला दुसऱ्या कुत्र्याचे रक्त पुरवले आणि फाट्यापासून मेंदूकडे जाणारा मज्जातंतू तेवढा शाबूत ठेवला. फाट्याशी प्राणवायू कमी असलेले रक्त पोहोचले की पहिल्या कुत्र्याचा श्वास जोराने चालू लागे, जरी त्याच्या मेंदूला मिळणारे रक्त उत्तम असले तरी. तो मज्जातंतू कापला की प्रतिसाद नाहीसा होई. म्हणजे प्राणवायूची तूट मेंदूला थेट कळत नाही, मानेतील पहारेकरी ती कळवतो. या शोधासाठी हेमन्स यांना १९३८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पहारेकरी हाळी कशी देतो, हे पुढे सशांच्या पेशींवरील अभ्यासातून उलगडले. प्राणवायू घटला की या पिंडातील पेशींच्या भिंतीतील पोटॅशियमची दारे मिटू लागतात. पेशीतील विद्युत्भार बदलतो, कॅल्शियम आत शिरते आणि पेशी रासायनिक निरोप सोडते. तो निरोप मज्जातंतूवाटे मेंदूच्या देठाशी असलेल्या श्वसनकेंद्राकडे जातो. तेथून हुकूम सुटतो आणि श्वासपटल व छातीचे स्नायू वेगाने हलू लागतात. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब चढतो. हे सारे काही सेकंदांत घडते.

परंतु या पहारेकऱ्याचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. तो किरकोळ तुटीवर फारसे ओरडत नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण साधारण नव्वद टक्क्यांच्या खाली येऊ लागले, की मग त्याचा आवाज झपाट्याने चढतो. शिवाय 'गुदमरते आहे' ही जी जीवघेणी भावना आपल्याला ठाऊक आहे, ती मुख्यतः प्राणवायू कमी झाल्याने येत नाही. ती येते कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. श्वास रोखून धरला की काही वेळाने जी तडफड होते ती याच वायूची. त्याची नोंद घेणाऱ्या पेशी प्रामुख्याने खुद्द मेंदूच्या देठात आहेत आणि त्या मोठ्याने ओरडतात.

आता कोविडचे कोडे सुटू लागते. त्या आजारात अनेकांच्या फुप्फुसातून प्राणवायू रक्तात नीट उतरत नव्हता, पण कार्बन डायऑक्साइड मात्र बाहेर पडत होता. मोठ्याने ओरडणारा पहारेकरी शांत होता आणि मानेतला एकटाच हाळी देत होता. ती हाळी क्षीण असेल तर रुग्णाला कळणार कसे?

वय आणि मधुमेह

ती हाळी वयोमानाने क्षीण होते, हीच आपल्या स्तंभाच्या वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेतील फुप्फुसतज्ज्ञ मार्टिन टोबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली या कोड्याची शास्त्रीय उकल मांडली, तेव्हा पूर्वीच्या अभ्यासांचा हवाला देऊन त्यांनी दाखवून दिले की पासष्टीनंतर प्राणवायूच्या तुटीला श्वसनाचा प्रतिसाद सुमारे निम्म्याने घटतो, आणि मधुमेह असलेल्यांमध्येही तो तसाच मोठ्या प्रमाणात मंदावतो. पासष्टी ओलांडलेले आणि मधुमेहही असलेले गृहस्थ आपल्या मराठवाड्यात घरटी सापडतील. त्यांच्या बाबतीत 'धाप लागली की पाहू' हे धोरण धोक्याचे आहे, कारण धाप लागेलच याची हमी नाही.

याखेरीज झोपेची औषधे, अफूजन्य वेदनाशामके आणि मद्य या तिन्ही गोष्टी श्वसनकेंद्राला गुंगी आणतात. शेजारच्या काकांना ज्या गोळीने छान झोप लागली, ती गोळी आपल्या दमेकरी आजोबांना देणे म्हणजे उरलासुरला पहारेकरीही झोपवणे होय.

रात्रीचे घोरणे

काही जण घोरतात, मध्येच श्वास थांबतो, काही सेकंद शांतता, मग एकदम मोठा हुंदका घेतल्यासारखा श्वास आणि पुन्हा घोरणे. याला झोपेतील श्वासरोध म्हणतात. रात्रभरात असे अनेकदा घडते आणि प्रत्येक वेळी प्राणवायू थोडा खाली जाऊन वर येतो.

या चढउताराचे परिणाम अमेरिकेत युजीन फ्लेचर यांनी उंदरांवर तपासले. रोज काही तास, सुमारे पाच आठवडे, उंदरांच्या कोठीतील प्राणवायू थोड्या थोड्या वेळाने कमी करून पूर्ववत केला गेला. त्या उंदरांचा रक्तदाब वाढला आणि तो दिवसाही, साधी हवा मिळत असतानाही, चढलेलाच राहिला. ज्या उंदरांच्या मानेतील पहारेकऱ्याची मज्जा आधीच तोडली होती, त्यांचा रक्तदाब चढला नाही. म्हणजे रात्रभर वारंवार हाळी देऊन पहारेकरी इतका उत्तेजित होतो की दिवसाही तो शांत होत नाही. शिकागो विद्यापीठातील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ नंदुरी प्रभाकर यांनी या उत्तेजित अवस्थेमागील रसायनांचा अनेक वर्षे सखोल अभ्यास केला आहे.

इतर प्रयोगांत झोपेत असा तुटक प्राणवायू मिळालेले उंदीर पाण्याच्या चक्रव्यूहातील वाट शिकण्यात मागे पडले आणि त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागातील पेशी मेलेल्या आढळल्या.

म्हणून औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, सकाळी डोके जड होत असेल, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागत असेल आणि अलीकडे विसराळूपणा वाढला असेल, तर 'वयच झाले आता' असे म्हणून विषय मिटवू नये. सोबत झोपणाऱ्या व्यक्तीने श्वास थांबतो का, हे पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. झोपेची तपासणी होऊ शकते, आणि रात्री मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देणाऱ्या यंत्राने अनेकांना उत्तम गुण येतो.

दोन दिवसांनी मरणाऱ्या पेशी

मेंदूचा पुरवठा काही मिनिटे पूर्ण थांबून पुन्हा सुरू झाला तर काय होते? जपानमधील ताकाआकी किरिनो यांनी १९८२ साली जर्बिल या लहानशा वाळवंटी उंदरांवर हा अभ्यास केला. या प्राण्याच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांची जोडणी अपुरी असते, म्हणून मानेतील रोहिणी पाच मिनिटे दाबून धरल्या की मेंदूच्या पुढील भागाचे रक्त तुटते. पुरवठा पूर्ववत झाल्यावर प्राणी सावरले. पहिल्या दिवशी पेशी धडधाकट दिसत होत्या. पण दोन ते चार दिवसांत हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या केंद्रातील एका विशिष्ट पट्ट्यातल्या चेतापेशी मरून गेल्या.

याचे एक कारण पुढे स्पष्ट झाले. उपाशी चेतापेशी ग्लूटामेट हे उत्तेजक रसायन वाजवीपेक्षा जास्त सोडतात. त्यामुळे शेजारच्या पेशी अति उत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम घुसते आणि त्या आतून पोखरल्या जातात. प्राणवायू परत मिळाला तरी ही साखळी काही काळ चालू राहते.

घरासाठी याचा अर्थ असा. हृदय बंद पडून परत सुरू झालेला, खोल चक्कर येऊन पडलेला किंवा न्यूमोनियात प्राणवायू फार खाली गेलेला रुग्ण शुद्धीवर आला म्हणजे सारे संपले, असे नाही. पुढील दिवसांत नवा विसर, चिडचिड, झोपेचा उलटापालट, चालताना तोल जाणे असे काही जाणवले तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. आणि अर्धांगाच्या झटक्यात तर मिनिटामिनिटाला मोल असते. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, शब्द अडखळणे यांपैकी काहीही दिसले की १०८ क्रमांकाला फोन करावा. गाठ विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही जितके लवकर तितके बरे.

येथे एक सावधगिरीही नोंदवायला हवी. उंदरांच्या मेंदूचे रक्षण करणारी अनेक औषधे माणसांवरील चाचण्यांत निष्फळ ठरली. उंदीर म्हणजे लहान माणूस नव्हे. म्हणून 'प्रयोगशाळेत सिद्ध' अशा जाहिरातीने मेंदूचे टॉनिक विकणाऱ्याला, ते कोणावर सिद्ध झाले, हा प्रश्न अवश्य विचारावा. आणि ज्या मुक्या जिवांनी हे ज्ञान दिले त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी. आपल्या देशात अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीची देखरेख असते.

नाथसागरावरचे पाहुणे

प्राणवायूच्या तुटीवर मात करणारा एक जीव आपल्या जिल्ह्याचा पाहुणा आहे. थंडीत पैठणच्या नाथसागरावर, जायकवाडी पक्षी अभयारण्यात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले करड्या रंगाचे हंस उतरतात. हा पट्टकादंब. मध्य आशियातून हिमालय ओलांडून तो येतो. जिथे गिर्यारोहक पावलापावलाला थांबतो, तिथून हा पक्षी पंख मारत जातो.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधक जेसिका मीर यांनी या हंसांची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यापासून स्वतः वाढवली. ती त्यांनाच आई समजून मागे फिरत. मोठी झाल्यावर त्यांना वाऱ्याच्या बोगद्यात, चोचीवर हलका मुखवटा बसवून उडायला शिकवले आणि साडेपाच हजार व नऊ हजार मीटर उंचीवर मिळेल इतकाच प्राणवायू दिला. हंस उडत राहिले. त्यांनी शरीराचा खर्चच कमी केला आणि त्यांचे रक्त थोडे थंड झाले, ज्यायोगे ते अधिक प्राणवायू धरून ठेवू शकते. हे संशोधन सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात मीर अंतराळवीर म्हणून अंतराळस्थानकाकडे रवाना झाल्या.

या हंसाच्या मेंदूचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. उंचावर जोराने श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. माणसात त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून घाबरून भरभर श्वास घेणाऱ्याला घेरी येते. हंसाच्या मेंदूचा रक्तप्रवाह अशा वेळी घटत नाही. तो निर्धास्तपणे भरभर श्वास घेऊ शकतो.

आपण हंस नाही, हे यात्रेला निघताना आठवावे. वेरूळचा घृष्णेश्वर आपल्या दाराशी आहे. त्याच बारा ज्योतिर्लिंगांतला केदारनाथ मात्र सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास दोन-तृतीयांशच असतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आत. इथून निघून दोन-तीन दिवसांत तिथे पोहोचणाऱ्या सत्तरीच्या यात्रेकरूच्या मंदावलेल्या पहारेकऱ्याला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. निघण्यापूर्वी हृदय व फुप्फुसांची तपासणी करावी, वाटेत मुक्काम करत हळूहळू चढावे. डोकेदुखी व मळमळ हा इशारा समजावा; आणि कोणी बरळू लागले, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर दर्शनाची वाट न पाहता खाली उतरावे.

घरी काय पाहावे

पहिले, श्वास मोजा. यंत्र नसले तरी चालेल. व्यक्ती शांत बसलेली असताना, तिला न सांगता, पूर्ण एक मिनिट छाती किंवा पोट किती वेळा वर येते ते पाहा. बारा ते वीस हे सर्वसाधारण. चोवीसच्या वर जात असेल तर ती तक्रार करत नसली तरी डॉक्टरांशी बोला.

दुसरे, बुद्धीकडे पाहा. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आईने आज नातवाला वेगळ्याच नावाने हाक मारली, बाबा अकारण चिडले, जेवताना झोपू लागले, तर वृद्धांमध्ये हीच प्राणवायूच्या तुटीची पहिली खूण असू शकते. ताप, खोकला, छातीत दुखणे ही लक्षणे मागून येतात किंवा येतच नाहीत. ओठ किंवा नखे निळसर दिसली तर विलंब करू नये.

तिसरे, ऑक्सिमीटर नीट वापरा. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलेल्या कल्पनेवर हे उपकरण चालते. बोटातून प्रकाश पाठवून नाडीच्या ठेक्याबरोबर बदलणारा रक्ताचा रंग ते वाचते. म्हणून हात गार असेल, नखाला रंग वा मेंदी असेल, हात थरथरत असेल तर आकडा चुकतो. पाच मिनिटे स्वस्थ बसवून, हात ऊबदार करून, आकडा स्थिर झाल्यावर नोंदवा. आजारपण नसतानाचा नेहमीचा आकडा आधीच लिहून ठेवलेला असावा. तुलना त्याच्याशी करायची असते. सामान्यतः आकडा पंच्याण्णव किंवा त्याहून अधिक असतो. तो वारंवार चौऱ्याण्णवच्या खाली दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. नव्वद वा त्याखाली असेल तर रुग्णालय गाठा.

चौथे, यंत्राच्या मर्यादा ओळखा. सावळ्या त्वचेवर ते कधीकधी खऱ्यापेक्षा अधिक आकडा दाखवते. रक्तक्षय असलेल्याचा आकडा शंभर असला तरी रक्त वाहून नेते तो एकूण प्राणवायू कमीच असतो. आणि सर्वांत घातक म्हणजे, बंद न्हाणीघरातील गॅसच्या गीझरचा किंवा बंद खोलीत पेटवलेल्या शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड. या विषबाधेत यंत्र चांगला आकडा दाखवते आणि माणूस मात्र गुदमरत असतो. मानेतला पहारेकरीही इथे फसतो. आंघोळीला गेलेली व्यक्ती वेळेत बाहेर आली नाही तर दार ठोठवा, मोकळी हवा येऊ द्या.

पाचवे, घरी प्राणवायूचे यंत्र असेल तर त्याचा काटा मनाने वाढवू नका. फुप्फुसांच्या जुनाट विकारात काही रुग्णांचा अपेक्षित आकडाच अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव असतो. त्यांना जादा प्राणवायू दिला तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. आपल्या रुग्णासाठी कोणता आकडा योग्य, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यभरातील रुग्णालये प्राणवायूच्या टँकरची वाट पाहत होती. त्याच महिन्याच्या २१ तारखेला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. प्राणवायूच्या बाबतीत हाताशी किती थोडा वेळ असतो, हे त्या दिवसाने महाराष्ट्राला शिकवले. रुग्णालयात कुणीतरी यंत्रांवर नजर ठेवून असते. घरात ती नजर तुमची असते.

तेव्हा काळजीवाहकांनो, वडीलधाऱ्यांच्या 'मला काही होत नाही' या शब्दांचा मान राखा, पण त्यावर विसंबू नका. 'बाबा, एक मिनिट बोट द्या' एवढेच म्हणायचे असते. आणि ज्येष्ठ वाचकहो, कुणी असे म्हटले तर रागावू नका. तुमच्या मानेतला पहारेकरी साठ-सत्तर वर्षे न झोपता जागला आहे. आता त्याचा आवाज थोडा बसला असेल, तर घरातल्या माणसांनी त्याच्या जोडीला जागावे, एवढीच ती विनंती असते.